भिंतीपलीकडचं पाणी

अंबरनाथ-बदलापूरकरांना बोगदे नवीन नाहीत. आमच्याच रेल्वेमार्गावर कर्जतच्या पुढे भोर घाट लागतो. १८५६ मध्ये तिथलं काम सुरू झालं आणि २१ एप्रिल १८६३ रोजी घाट खुला झाला. साधारण २५ किलोमीटरच्या चढणीत २५ बोगदे. त्या काळी मोजणी करायची ती थिओडोलाइट आणि साखळीने.

बोगद्यात एक सोय असते. दोन्ही तोंडांकडून खोदत आणला की मध्ये दोन्ही बाजू भेटतात. मोजणी चुकली असेल तर त्याच दिवशी कळतं. खाणीत मात्र गॅलऱ्या पुढे सरकत राहतात आणि पलीकडून कोणी भेटायला येत नाही. कधी कधी येतं ते पाणी.

२७ डिसेंबर १९७५ रोजी धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत तेच झालं. जुन्या, सोडून दिलेल्या भागात साचलेलं पाणी चालू भागात फुटलं. ३७० हून अधिक कामगार गेले. १९७९चा ‘काला पत्थर’ याच घटनेवर बेतलेला. २४ जुलै २००२ रोजी अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या क्वेक्रीक खाणीत कामगारांनी खोदता खोदता शेजारच्या बंद खाणीची भिंत फोडली. नकाशात ती खाण बरीच लांब होती, कारण तिथली शेवटची खोदाई त्या नकाशात नव्हतीच. अडकलेले ९ जण तीन दिवसांनी जिवंत बाहेर आले, हे नशीब.

आता खाणीत लेझर स्कॅनर उतरतो. सेकंदाला लाखो किरण सोडायचे, भिंतीवर आपटून परत यायला लागलेला वेळ मोजायचा, त्यावरून अंतर काढायचं. लाखो बिंदू मिळून गॅलरीचा त्रिमितीय आकार उभा राहतो. खाली जीपीएस पोचत नाही. म्हणून हातात किंवा ड्रोनवर चालणारा स्कॅनर भोवतालच्या आकारांवरूनच स्वतःची जागा ओळखतो. याला ‘स्लॅम’ म्हणतात. चालताना त्यात बारीक चूक साचत जाते; फिरून ओळखीच्या जागी आलं की प्रोग्रॅम ती चूक मागच्या सगळ्या वाटेवर वाटून टाकतो.

सॉफ्टवेअरवाला म्हणून मला हे फार हुशारीचं वाटायचं. मग कळलं, जुने सर्व्हेअर हेच वहीत करत: फिरून पहिल्या खुणेवर यायचं, किती फरक पडला ते पाहायचं आणि तो सगळ्या टप्प्यांवर वाटायचा.

पण लेझरला दिसतं ते फक्त समोरचं. भिंतीपलीकडची, पाण्याने भरलेली जुनी गॅलरी त्याला दिसत नाही. तिच्यासाठी जुना कागदच काढावा लागतो. विदर्भात हा प्रश्न दूरचा नाही. नागपूर-चंद्रपूरकडे कोळसा, भंडाऱ्यातल्या चिखला इथे मँगनीज, अशा भूमिगत खाणी तिथे आहेत, आणि तिकडच्या मँगनीज उद्योगाची सुरुवात १९व्या शतकाच्या अखेरची.

म्हणून मला वाटतं, सर्वांत मोलाचं स्कॅन खाण बंद करण्याआधीचं शेवटचं. माणसं निघाली, पंप थांबले, की आत पाणी चढतं आणि मोजायची संधी कायमची जाते. खाण सोडताना तिचा नकाशा सरकारजमा करायचा नियम आपल्याकडे आहेच. त्या कागदासोबत हे बिंदूही जपायला हवेत, तेही पन्नास वर्षांनी उघडता येतील अशा फाइलमध्ये. कारण ती फाइल उघडणारा शेजारून खोदत येत असेल.