घोड्याची सुई

घोड्याच्या सुईबद्दल आमच्या खोऱ्यातल्या जुन्या माणसांचे दोन नियम होते. पहिला, ही सुई जन्मात एकदाच घ्यावी. दुसऱ्यांदा घेतली तर माणूस दुखण्यानं नाही, सुईनं जातो. दुसरा, पान लागलेला, म्हणजे साप चावलेला, माणूस सुई घेऊन घरी आला तरी आठ-दहा दिवस त्याच्या उशाशी कुणीतरी असावं, कारण विष आठवड्यानं उलटतं. मुळशीतल्या कोळवण खोऱ्यात माझं लहानपण गेलं. हे नियम आजीच्या तोंडून ऐकले, तिच्या जावांकडून ऐकले, पारावरच्या म्हाताऱ्यांकडूनही ऐकले. आमचे शाळामास्तर या नियमांना मांजर आडवं जाण्याच्या शेजारी बसवायचे. मला मात्र वाटतं, या म्हाताऱ्यांनी काहीतरी नेमकं पाहिलं होतं.

आधी घोडा कुठून आला ते सांगायला हवं, कारण आमच्याकडे घोडा दिसायचा तो फक्त लग्नाच्या वरातीत.

माझे चुलत आजोबा मुंबईत डबेवाले होते. मावळ-मुळशीतली पुष्कळ माणसं त्या धंद्यात गेली, त्यातलेच ते. डब्यांच्या निमित्तानं त्यांची परळकडे फेरी असायची आणि होळीला गावी आले की ते हाफकिनच्या घोड्यांची गोष्ट सांगायचे. साहेबाच्या जुन्या बंगल्यात घोडी बांधलेली असतात, त्यांना रोज थेंब थेंब सापाचं विष पाजतात आणि मग त्यांचं रक्त काढून बाटलीत भरतात. ऐकणाऱ्या बाया पदर तोंडाला लावायच्या. धरण होण्याआधीचं, धरण झाल्यावरचं अशी काळाची मोजदाद करणाऱ्या माझ्या पणजीनं एकदा विचारलं होतं म्हणे, "मग ते रक्त अंगात गेल्यावर माणूस खिंकाळत नाही का?"

पाजण्याचा तपशील सोडला तर आजोबांची गोष्ट बरीचशी खरी होती. परळचा तो बंगला म्हणजे मुंबईच्या गव्हर्नरचं जुनं निवासस्थान. प्लेगच्या दिवसांत, 1899 साली, वाल्देमार हाफकिन यांची प्रयोगशाळा तिथे आली आणि 1925 पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. विष घोड्याला पाजत नाहीत, टोचतात. आधी अगदी थोडं, मग वाढवत वाढवत. घोड्याचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. मग मानेच्या शिरेतून रक्त काढून त्यातला पिवळसर पातळ भाग वेगळा करतात. तांबड्या पेशी घोड्याला परत देण्याचीही पद्धत आहे. घोडाच का, तर तो अंगानं मोठा, माणसाळलेला, आणि एका वेळी भरपूर रक्त देऊनही उभा राहणारा.

ही युक्ती मुळात सापासाठी निघालीच नव्हती. बर्लिनमध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी 1890 साली दाखवून दिलं की, धनुर्वाताच्या विषाला सरावलेल्या जनावराचं रक्तजल, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दुसऱ्या जनावराला वाचवू शकतं. घटसर्पावरच्या अशाच उपचारासाठी बेरिंगला 1901 साली वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं. सापाच्या बाबतीत नाव घेतलं जातं ते फ्रान्सच्या आल्बेर काल्मेतचं. त्याला वाटत होतं, नागाविरुद्धचं औषध सगळ्या सापांना चालेल. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परळच्याच प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉर्ज लॅम्बनं दाखवलं, की नागावरचं औषध घोणशीपुढे हात टेकतं. म्हणून आज आपल्याकडे मिळणाऱ्या प्रतिविषात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं अशा चौघांची सोय केलेली असते. त्यासाठीचं बरंचसं विष येतं तमिळनाडूतल्या इरुळा सापवाल्यांच्या सहकारी संस्थेकडून. ती 1978 साली निघाली.

आजीच्या पिढीनं खरी धास्ती घेतली होती ती सापाच्या सुईची नाही, धनुर्वाताच्या. विळा लागला, नांगराचा फाळ पायात घुसला, की तेव्हा धनुर्वातावरचं घोड्याचं रक्तजल टोचत. गुरांच्या शेणामातीत राबणाऱ्या माणसाला जखम ही वर्षाला ठरलेली. पहिल्या जखमेला सुई सोसली, पुढच्या वर्षी पुन्हा घेतली, आणि कंपाउंडर सुई काढतोय तोवर माणसाच्या ओठाला सूज, छातीत घरघर. आजीच्या माहेरचा एक तरणा गडी असा गेला, हे ती कायम सांगे. पुढे धनुर्वाताची साधी लस आली. तिच्यात घोड्याचं काही नसतं, पण आमच्या घरातल्या बायांनी तीही घोड्याच्याच खात्यात टाकली आणि बाळंतपणात घ्यायला नकार दिला. गंमत म्हणजे याच आजीच्या दंडावर देवी टोचल्याचे दोन मोठे वण होते. बेळगावच्या लस संस्थेसारख्या ठिकाणी ती लस रेडकांच्या अंगावर वाढवत. घोड्याला भिणारी आजी रेडकाला दंडावर घेऊन हिंडत होती, पण ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

आता त्या दोन नियमांकडे येतो. व्हिएन्नाच्या लहान मुलांच्या दवाखान्यात क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक हे दोन डॉक्टर घटसर्पाच्या मुलांना घोड्याचं रक्तजल टोचत होते. आठवडा-दहा दिवस उलटले की काही मुलांना ताप यायचा, अंगभर गांधी उठायच्या, सांधे धरायचे, काखेत गाठी यायच्या. आणि ज्यांना पूर्वी एकदा सुई दिलेली होती त्यांना दुसऱ्या वेळी हेच सारं फार लवकर, कधी लगेचच व्हायचं. 1905 साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं. दुखणं विषाचं नव्हतं, घटसर्पाचंही नव्हतं. परक्या प्राण्याच्या प्रथिनाविरुद्ध शरीरानं उभारलेली ती लढाई होती. पुढच्याच वर्षी पिर्केनं त्यावरून अ‍ॅलर्जी हा शब्द घडवला.

म्हणजे व्हिएन्नातले डॉक्टर आणि आमच्या पारावरचे म्हातारे एकच गोष्ट पाहत होते. फरक पडला तो पुढे. पिर्केनं विचारलं, असं का होतं? आमच्याकडे म्हणाले, मग देवऋषी बोलवा.

माझ्या चुलतभावाचं सांगतो. कार्तिकात भातकापणी चाललेली, खाचरात पेंढ्या उचलताना घोणस घोट्याच्या वर लागली. पूर्वी अशा वेळी कडुनिंबाचा पाला चावायला देत. गोड लागला तर विष चढलं म्हणत. आवळून बांधत, ब्लेडनं चिरा देत. काकूनं पाला आणलाही होता, पण पोरांनी ऐकलं नाही. पाय न हलवू देता त्याला जीपमध्ये आडवं घातलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी सुई दिलीच नाही, यावर काका अजून बोलतात. त्यांनी कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं, नळी खिडकीत उभी ठेवली आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं नळीला हात लावू दिला नाही. मग एकदाच तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलं नव्हतं. तेव्हा कुठे प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमध्ये घालून सुरू केल्या.

ही वीस मिनिटं फुकट नसतात. साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही, आणि विष नसलेल्या माणसाला घोड्याची प्रथिनं देणं म्हणजे त्याला विनाकारण धोक्यात लोटणं. लक्षणं दिसली तरच द्यायचं, आणि द्यायचं ठरलं तर हात आखडायचा नाही. लहान पोराला कमी आणि पहिलवानाला जास्त असा हिशेबही इथे नाही, कारण सापानं सोडलेलं विष माणसाच्या वजनाकडे पाहत नाही. औषध विषाला द्यायचं असतं. पूर्वी आधी थेंबभर टोचून पाहत, फोड आला तर नको म्हणत. त्या चाचणीवरून पुढचं काही नीट कळत नाही आणि वेळ मात्र जातो, म्हणून सर्पदंशाच्या 2009 सालच्या राष्ट्रीय उपचारपद्धतीनं ती बंद करायला सांगितली. चाचणीऐवजी आता काय, तर अ‍ॅड्रिनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी ठेवायचं आणि माणसानं जवळून हलायचं नाही.

भावाला अर्ध्या तासात मांडीवर गांधी उठल्या, मग खोकला सुरू झाला. काकू रडायला लागली, "सांगत होते, सुई बाधली!" बाईंनी सलाइन बंद केलं, मांडीत अ‍ॅड्रिनलिन दिलं. त्याचा श्वास मोकळा झाला, आणि त्यांनी तेच सलाइन पुन्हा सुरू केलं, आधी सावकाश. माझ्या मते सगळी कला या पुन्हा सुरू करण्यात आहे. अर्धवट औषधावर घोणशीचं विष थांबत नाही. दर सहा तासांनी काचेची नळी पुन्हा खिडकीत जायची. रात्रीतून केव्हातरी रक्त गोठलं.

घरी आल्यावर आठवड्यानं त्याला ताप भरला, गुडघे आणि मनगटं धरली, अंगभर पुन्हा गांधी. गावात बोलबाला झाला, विष उलटलं. देवऋष्याचा माणूस ओटीवर येऊन बसलासुद्धा. भावाला पुन्हा दवाखान्यात नेलं, गोळ्या दिल्या, चार दिवसांत उतरलं. पिर्के आणि शिकनं वर्णन केलेलं तंतोतंत तेच. बाईंनी घरी पाठवतानाच याची कल्पना देऊन ठेवली होती, पण कागद काकूनं देव्हाऱ्यात ठेवला होता, वाचला कुणीच नव्हता.

प्राण्याच्या अंगातून काढलेलं औषध निर्धोक करण्याचा इतिहास असा चुकत-माकतच घडला आहे. अमेरिकेत सेंट लुईसला जिम नावाचा घोडा घटसर्पाचं रक्तजल द्यायचा. 1901 साली त्यालाच धनुर्वात झाला आणि त्याच्या रक्तातून तो 13 मुलांच्या जिवावर उठला. पुढच्या वर्षी तिथे अशा औषधांवर नजर ठेवणारा कायदा आला. आता घोड्याच्या प्रतिपिंडाचा नको असलेला भाग पेप्सिन वापरून तोडून टाकतात. पेप्सिन म्हणजे पोटातलं अन्न पचवणारं तेच द्रव्य. औषधाची भुकटी करतात, म्हणजे फ्रीज नसलेल्या दवाखान्यातही ते टिकतं. ताम्हिणी घाट उतरून गेलं की पुढे महाड. तिथे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी 2011 साली लाल विंचवाबाबत दाखवलं, की नुसत्या प्राझोसिनच्या गोळीपेक्षा गोळी आणि घोड्याचं प्रतिविष दोन्ही दिलं तर माणूस लवकर सावरतो. विंचवावर प्राझोसिनची वाट त्यांनीच आधी दाखवली होती, म्हणून स्वतःच्याच उपायाला जोड हवी हे मांडण्याचं मला अप्रूप वाटतं.

आणि कुत्रं. बेंबीभोवती चौदा सुया घेतलेले म्हातारे आमच्याकडे आत्ताआत्तापर्यंत होते. ती लस मेंढीच्या मेंदूपासून करत. डेव्हिड सेम्पल यांनी कसौलीत 1911 साली ती पद्धत बसवली आणि भारतात ती 2004 पर्यंत चालली. ती घेऊन असंख्य माणसं वाचली. पण परक्या मेंदूचा अंश अंगात गेल्यामुळे काहींच्या स्वतःच्या मज्जातंतूंवर घाला पडून पाय लुळे पडले. आमच्या शेजारचा एक जण काठीवर आला तो असाच. गाव म्हणायचं, कुत्र्याची बाधा.

म्हणून त्याच चुलतभावाला मागच्या उन्हाळ्यात पिसाळल्यासारखं कुत्रं पोटरीला खोल चावलं तेव्हा घरात आधी वाद झाला तो पहिल्या नियमावरून. लसीबरोबर जखमेत प्रतिपिंडंही भरावी लागतात, आणि स्वस्तात मिळतात ती घोड्याचीच. थोरल्या आत्यानं, म्हणजे आजीनंतरच्या आमच्या कायदेपंडितानं, दारातच अडवलं, "याची एकदा झालीय." त्या दिवशी डॉक्टर दुसरे होते. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, आधी कधी, कुठलं, काय झालं ते सगळं लिहून घेतलं आणि म्हणाले, तुम्ही हे सांगितलंत ते फार बरं केलंत. तरी घोड्याचं देता येतं, जवळ बसून, तयारी ठेवून. पण आज दुसरंही आहे. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटचं, रेबीजवरचं, घोड्याशिवायचं. ही कंपनी 1966 साली पूनावालांच्या घोड्यांच्या फार्मच्या आधारानं उभी राहिली, तिथे आधी घोड्यांपासूनच धनुर्वातावरचं औषध करत, हे आत्याला मी वाटेत सांगितलं होतं, त्यामुळे तिचा विश्वास बसेना.

"घोडा नाही, मग कशाचं आहे?"

डॉक्टर म्हणाले, हे प्रतिपिंड माणसाचंच आहे, पण ते पहिल्यांदा सापडलं ते माणसाची जनुकं घातलेल्या उंदरांमध्ये.

आत्यानं भावाच्या पायाकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. "बरं, द्या," ती म्हणाली. "पण हे उंदराचं जन्मात कितीदा चालतं तेवढं कागदावर लिहून द्या."