रजा, खाडा आणि बाईचं शरीर : भार कुणी उचलायचा?

आजचा विषय आहे कामावर जाणाऱ्या बाईची पाळी, तिचं बाळंतपण आणि पाळी जाण्याचा काळ. या तिन्ही वेळी शरीरातली हार्मोन्स वरखाली होतात, आणि ड्यूटीचा भोंगा मात्र रोजच्याच वेळेला वाजतो. पुष्कळांना हा डॉक्टरांचा विषय वाटतो. आम्ही तो इतिहासाचा म्हणून मांडणार आहोत, कारण आज पाळीच्या रजेवर जो वाद चालला आहे तो महाराष्ट्रात जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एकदा होऊन गेला आहे.

तेव्हाचा प्रश्न बाळंतपणाचा होता. मुंबईच्या कापड गिरण्यांत वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत बायका मोठ्या संख्येनं काम करायच्या. दिवस भरत आले तरी काम चालू, कारण घरी बसलं की पगार बंद. 1919 साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं बाळंतपणाच्या संरक्षणाचा ठराव केला. 1924 मध्ये नारायण मल्हार जोशी, म्हणजे आपले ना. म. जोशी, यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं विधेयक आणलं. ते नामंजूर झालं. मग मुंबई इलाख्याच्या विधान परिषदेत तसंच विधेयक आलं. विरोधकांचं म्हणणं काय होतं? उद्योगावर बोजा पडेल, आणि मालक बायकांना कामावर घेणं कमी करतील.

28 जुलै 1928 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूनं बोलले. त्यांच्या भाषणाचा आशय नीट लक्षात घेऊ या. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं त्यांनी सांगितलं. खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलायला हवा हे त्यांनी मान्य केलं, कारण लोकांचं कल्याण ही मुळात सरकारची जबाबदारी. पण मालकही सुटत नाही, कारण बाईच्या श्रमाचा फायदा तो घेतो. म्हणजे “रजा द्यायची की नाही” याच्याही पुढे जाऊन “पैसे कुणी द्यायचे” हा प्रश्न त्यांनी तेव्हाच टेबलावर ठेवला होता. 1929 मध्ये कायदा झाला. भारतातला असा हा पहिला कायदा. पण त्यात भत्ता द्यायची जबाबदारी पडली ती एकट्या मालकावर.

पुढच्या काही दशकांत गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण घसरत गेलं. अभ्यासक याची अनेक कारणं देतात : नवी यंत्रं आली, खात्यांची फेररचना झाली, बायकांच्या रात्रपाळीवर बंदी आली. बाळंतपणाच्या खर्चाची भीतीही त्यांत होती. तेव्हा विरोधकांची भीती अगदीच खोटी होती असं म्हणून चालणार नाही. बाईच्या शरीराचा सगळा खर्च एकाच मालकाच्या वहीत लिहिला, तर तो मालक बाईच नको म्हणतो.

यावर तोडगा निघाला 1948 मध्ये, राज्य विमा योजनेच्या कायद्यात. आपल्याकडे वाळूजला किंवा चिकलठाण्याला कामाला जाणारे लोक ज्याला नुसतं “ईएसआय” म्हणतात, तो हा कायदा. त्याची युक्ती साधी आहे. सगळे मालक आणि सगळे कामगार एका फंडात पैसे भरतात आणि बाळंतपणाचा भत्ता फंडातून निघतो. कारखान्यात दहा बायका असोत की शंभर, मालकाची वर्गणी पगाराच्या टक्क्यानं ठरते. बाईला कामावर घेतल्याची वेगळी शिक्षा त्याला होत नाही.

पण या योजनेतही एक फट आहे. आजारपणाचा भत्ता मिळतो, पण 1948 च्या कायद्याप्रमाणे आजाराचे पहिले दोन दिवस सहसा धरले जात नसत. आता पाळीत पोट पिळवटून निघतं ते किती दिवस? बहुतेकींना पहिला, फार तर दुसरा. म्हणजे जी फट सोडली, नेमकी तीतच बाई पडते. कुणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. कायदा लिहिताना जे शरीर डोळ्यांसमोर होतं, त्याला पाळी येत नव्हती, एवढंच.

1961 च्या मातृत्व लाभ कायद्यानं बारा आठवड्यांची रजा दिली, 2017 मध्ये ती सव्वीस आठवडे झाली. पण ईएसआयच्या बाहेरच्या नोकऱ्यांत खर्च पुन्हा एकट्या मालकावरच राहिला.

आता पाळीच्या रजेकडे येऊ. जपाननं 1947 च्या कामगार कायद्यातच ती दिली. आपल्याकडे बिहार सरकारनं 1992 मध्ये महिला कर्मचाऱ्यांना महिन्याला दोन दिवसांची विशेष रजा दिली. स्पेननं 2023 मध्ये कायदा केला. जुलै 2024 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हा विषय आला तेव्हा न्यायालय म्हणालं, हा धोरणाचा प्रश्न आहे, आणि अशी रजा सक्तीची केली तर बायकांना कामावर घेणंच टाळलं जाईल. ओळखीचं वाटतं ना? 1928 च्या सभागृहात हेच चाललं होतं.

आता दुसरी बाजू. संरक्षण काहीच नसेल तर काय होतं? त्यासाठी जपानला जायला नको, इथून बीड जिल्हा काही तासांवर आहे.

ऊसतोडीला नवरा-बायको मिळून “एक कोयता” धरतात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ती फेडायची. बाई पहाटे उठून भाकरी करते, दिवसभर ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवते. मुक्काम कोपीत. संडास नाही, अंघोळीला आडोसा नाही, कपडा बदलायला जागा नाही. एक दिवस चुकला की तो “खाडा”, आणि त्याचे पैसे कापले जातात. 2019 च्या बातम्यांत खाड्याला पाचशे रुपये असा आकडा आला होता. म्हणजे पाळीच्या दुखण्याला इथे रजा नव्हतीच, उलट दंड होता.

अंगावरून जाणं, जंतुसंसर्ग, ओटीपोटात दुखणं घेऊन बाई खाजगी दवाखान्यात गेली की अनेकदा एकच सल्ला मिळायचा : पिशवी काढून टाका. कॅन्सरची भीती घातली जायची. जून 2019 मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भाशयं काढली गेली. मग नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. शंभरात जवळपास सतरा.

इथे हार्मोन्सची गोष्ट समजून घ्यावी लागेल. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयं काढली तर बाईचं इस्ट्रोजेन एकदम खाली येतं. जी पाळी पन्नाशीच्या आसपास हळूहळू जायची, ती तिशी-पस्तिशीत एका दिवसात जाते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडं ठिसूळ होऊ लागतात. अंडाशयं ठेवली तरी ती लवकर थकण्याची शक्यता वाढते. खाडा वाचवायला केलेल्या ऑपरेशननं बाईला आणखी खाड्यांकडे ढकललं. वर ऑपरेशनचं कर्ज, म्हणून पुढच्या हंगामाची उचल मोठी.

एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असं राज्यांना सांगितलं. ते गरजेचंच होतं. पण डॉक्टरवर लगाम घातला म्हणून खाडा संपत नाही. कारखाना म्हणतो, कामगार मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी फक्त टोळी आणतो. मग मालक कोण? मालकच सापडत नसेल तर मातृत्व लाभाचा कायदा कुणाला लावायचा?

याचं उत्तरही महाराष्ट्राच्याच इतिहासात आहे. हमालांचाही एक मालक नसतो, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. तरी 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. काम करून घेणाऱ्यांनी मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, आणि मंडळानं कामगाराला मजुरी, रजेचे पैसे, भविष्यनिर्वाह निधी द्यायचा. ऊस कारखान्यात टनावर मोजला जातो, मग टनामागे लेव्ही घेऊन ऊसतोडणीच्या बाईला महिन्याचे दोन बिनखाड्याचे दिवस देणं हिशेबाला अवघड नाही. गिरणीच्या बाईला 1929 मध्ये जे मिळालं, त्याची ही पुढची पायरी ठरेल.

आणि शहरातल्या आपल्या नोकऱ्यांचं काय? आमचं म्हणणं असं की “रजा हवी की नको” एवढ्यावरच वाद घालू नये. लाइनवर उभ्या बाईला बसायला स्टूल, न विचारता संडासला जाण्याची मुभा, पाणी, पडायला एक खोली, पाळी बदलून घेण्याची सोय, हे बरंचसं उद्या सकाळी करता येतं. पंचेचाळिशीनंतरची बाई चिडचिडी झाली, विसरभोळी झाली, असं म्हणण्याआधी तिची पाळी जायला आली आहे का, एवढा विचार सुपरवायझरला शिकवता येतो. रजेच्या पैशांसाठी मात्र फंडच हवा. आजारपणाचे ते पहिले दोन दिवस पाळीसाठी धरा, ही मागणी ईएसआय भरणारी कुठलीही युनियन करू शकते.

तुमच्यापैकी जे कामगार संघटनांत आहेत, कंपन्यांत एचआरला आहेत, त्यांनी ही मागणी लिहून पुढे न्यावी, अशी आमची विनंती आहे. आता प्रश्न घेऊ. पहिले प्रश्न बायकांनी विचारावेत.