भोळ्या पेशींचा शोध

मानवी गर्भ पांच-सहा दिवसांचा झाला म्हणजे एका पोकळ गोळ्यासारखा दिसतो. त्याच्या आंत एका बाजूस पेशींचा लहानसा पुंजका असतो. साऱ्या देहाची घडण पुढें त्यांतूनच व्हावयाची. अशा पेशी कांचपात्रांत प्रथम जगल्या त्या उंदराच्या. इ. स. १९८१ मध्यें केंब्रिजला मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनीं, आणि त्याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्कोस गेल मार्टिन या विदुषींनीं, त्या वाढविल्या. मनुष्याच्या गर्भमूलपेशी हातीं यावयास १९९८ साल उजाडलें; तें यश विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांचें.

परंतु दोहोंची वागणूक जुळेना. उंदराच्या पेशी घुमटासारख्या उंच पुंजक्यांत वाढत, मनुष्याच्या चपट्या थरांत. शिवाय एकेकट्या केल्या कीं मानवी पेशी बहुधा दगावत. प्राण्याप्राण्यांतला हा भेद असावा, अशी समजूत करून घेणें सोपें होतें. ती समजूत २००७ मध्यें डळमळली. गर्भाशयांत रुजून गेलेल्या, म्हणजे कांहींशा वाढत्या वयाच्या, उंदराच्या गर्भांतून पेशी काढल्या, तों त्या हुबेहूब मानवी पेशींच्या वळणावर गेलेल्या! याचा अर्थ एवढाच कीं, मानवी पेशी पात्रांत पडतांच एक पायरी पुढें सरकत होत्या. जेनिफर निकोल्स व ऑस्टिन स्मिथ यांनीं २००९ मध्यें या दोन अवस्थांस नांवें दिलीं: पहिली ‘भोळी’, दुसरी ‘सज्ज’.

त्वचेची पेशी चार जनुकांच्या बळावर गर्भावस्थेस परत नेतां येते, हें क्योतोच्या शिन्या यामानाका यांनीं २००६ मध्येंच उंदरांत दाखविलें होतें. मग एकच पायरी उतरणें कितीसें कठीण? पण मानवी पेशींनीं वर्षानुवर्षें दाद दिली नाहीं. अखेर २०१४ मध्यें यासुहिरो ताकाशिमा व स्मिथ यांच्या केंब्रिजमधील मंडळानें नॅनॉग व केएलएफ२ हीं दोन जनुकें अल्पकाळ चेतविलीं, पेशींस पुढें ढकलणारे संदेश औषधांनीं दाबून धरले, आणि नंतर जनुकें शांत केलीं. तरीहि पेशी मागच्या अवस्थेंतच टिकल्या. (नॅनॉग हें नांव आयरिश दंतकथेंतील चिरतारुण्याच्या भूमीवरून घेतलेलें, तें येथें फारच शोभलें.) गर्भ रुजतांना डीएनएवर दाट होणाऱ्या मिथिलच्या खुणा या पेशींत पुष्कळच विरळ झालेल्या आढळल्या. त्याच वर्षीं रुडॉल्फ येनिश यांच्या अमेरिकन प्रयोगशाळेनेंहि निराळ्या औषधांनीं तीच अवस्था गांठली.

या पुसापुशींत एक नुकसानहि झालें होतें. कांहीं जनुकांवर ‘हें आईकडचें, हें बापाकडचें’ अशी जन्मजात मोहोर असते. खऱ्या गर्भांत ती अभंग राहते. पात्रांतल्या भोळ्या पेशींतून ती पुसली गेल्याचें २०१६ मध्यें उघड झालें, आणि पेशी पुन्हां सज्ज केल्या तरी ती परतली नाहीं.