मनगट मोडतं ते कुणासाठी?

टेबलासमोर बसा आणि दोन्ही हात सहज पुढे ठेवा. नीट पाहिलंत तर दिसेल, की ते एकमेकांना समांतर नाहीत. कोपरांपासून ते तिरके आत येतात. तळवेही पुरते पालथे नसतात, अंगठ्याची बाजू जराशी वर असते. ही हाताची स्वाभाविक ठेवण. आता हेच हात टाइपरायटरच्या सरळ ओळींवर न्या. मनगटं करंगळीच्या दिशेला वळवावी लागतात आणि तळवे पूर्ण पालथे करावे लागतात. दिवसाचे सात-आठ तास, वर्षानुवर्षं असं केलं तर काय होईल?

'मराठी तीस, इंग्रजी चाळीस' ही परीक्षा दिलेली माणसं आपल्याकडे कितीतरी घरांत सापडतील. हात भरून आले अशी तक्रार केली, की टायपिंगच्या क्लासात एकच उत्तर मिळे, 'सवय होईल.' यंत्राचा आकारच बदलता येईल, हे कुणाच्या मनात येत नसे. गंमत म्हणजे, जगात हा विचार शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच झाला होता.

मुळात हा आकार आला कुठून? अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या ख्रिस्तोफर शोल्स यांचं यंत्र रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये बाजारात आणलं. प्रत्येक कळीखाली एक दांडी होती. या दांड्या एकमेकींना न अडता शेजारून जाव्यात, म्हणून कळींच्या ओळी थोड्या थोड्या सरकवलेल्या होत्या. ही सोय दांड्यांची होती, बोटांची नव्हे. शिवाय दहा बोटांनी, कळींकडे न बघता टाइप करण्याचा बोलबाला झाला तो १८८८ च्या सुमारास. म्हणजे यंत्र आधी ठरलं आणि हाताची रीत मागाहून आली.

१९१५ मध्ये हाइडनर यांनी कळींचे दोन गट करून, प्रत्येक हाताला त्याच्या कलाने एक गट देणाऱ्या टाइपरायटरचं अमेरिकन पेटंट मिळवलं. पुढे १९२६ मध्ये जर्मनीत क्लॉकेनबर्ग यांनी टाइपरायटरवरच्या कामाची शास्त्रशुद्ध चिकित्सा करणारं पुस्तक लिहिलं. सरळ कळफलकामुळे हात, खांदे यांवर ताण येतो, म्हणून तो मधोमध दुभागावा, असं त्यांनी सुचवलं. पण दांड्यांच्या यंत्रात हे करणं किचकट होतं. कल्पना कागदावरच राहिली.

१९६० च्या दशकात कार्ल क्रोमर यांनी जर्मनीतल्या डॉर्टमुंड इथे दुभागलेला, बाजूंना उतरता कळफलक करून त्यावर प्रयोग केले. पुढे १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये लिलियन माल्ट आणि स्टीफन हॉबडे यांनी 'माल्ट्रॉन' घडवला. माल्ट या टंकलेखन शिकवणाऱ्या तज्ज्ञ होत्या. बोटं लहानमोठी असतात म्हणून यात कळी खोलगट वाटीत बसवल्या होत्या. रिकाम्या बसणाऱ्या अंगठ्याकडेही काम दिलं. इंग्रजीत सर्वांत जास्त लागणारं 'ई' हे अक्षर त्यांनी डाव्या अंगठ्याखाली ठेवलं.

तोवर दांड्या संपल्या होत्या, संगणक येत होता. कळफलक कुठल्याही आकाराचा करता आला असता, पण ओळींचा तिरकेपणा तसाच राहिला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्या असंख्य लोकांचे हात दुखू लागले. हा शरीराचा आजार की मनाचा, यावर डॉक्टरांमध्येच वाद पेटला. दुखणाऱ्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या, हे इथे लक्षात ठेवायला हवं.

दुभागलेला कळफलक सामान्य दुकानात पोहोचला तो १९९४ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या 'नॅचरल कीबोर्ड'मुळे. त्याचा उपयोग होतो का? हाता-मनगटाच्या दुखण्याने त्रासलेल्या ८० जणांना वेगवेगळे कळफलक देऊन सहा महिने पाहणी झाली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये आले. या दुभागलेल्या कळफलकाने दुखणं कमी झालं, पण सगळ्याच पर्यायी आकारांना तसं यश आलं नाही. म्हणजे हा रामबाण इलाज नव्हे, पण नुसती हौसही नव्हे.

मग इतका उशीर का? माझ्या मते कारण साधं आहे. यंत्र विकत घेतं कार्यालय आणि हात दुखतो टंकलेखकाचा. शिवाय क्लासात जो कळफलक असतो तोच कचेरीत लागतो, आणि कचेरीत असतो म्हणून क्लासात शिकवला जातो. या चक्रात मनगटाला विचारतो कोण?

आपल्याकडे एका ठिकाणी मात्र दोन हातांचा विचार झाला. १९९१ मध्ये भारतीय मानकात आलेल्या 'इनस्क्रिप्ट' मांडणीत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला आहेत. मराठीत व्यंजनामागून स्वर येतो, त्यामुळे हात आळीपाळीने चालतात. अक्षरं अशी वाटली गेली, फळी मात्र अखंडच राहिली.

असा कळफलक प्रत्येकाला घेता येईलच असं नाही. पण टाइप करताना मनगट बाहेरच्या बाजूला मोडतंय का, हे आज एकदा जरूर बघा. आणि हाताखालचं कुणी 'हात दुखतो' म्हणालं, तर 'सवय होईल' म्हणण्याआधी त्याच्या टेबलाकडे एक नजर टाका.