वॉटरलू स्टेशनवर हरवलेला रेकॉर्डर

इंग्लंडमधल्या आपल्या अनेक घरांनी रेकॉर्डर सोसला आहे. सात-आठ वर्षांचे पोर शाळेतून प्लॅस्टिकची नळी आणते आणि संध्याकाळभर सूर किंचाळतात. त्यामुळे बरोक संगीताच्या मैफलीत हेच वाद्य हार्पसिकॉर्डशेजारी मानाने वाजते, तेव्हा आपली मंडळी चकित होतात.

आपल्या अलगुजासारखी, शिट्टीच्या तोंडाची ही लाकडी बासरी. रोजनिशीमुळे प्रसिद्ध झालेल्या सॅम्युअल पेप्सने १६६८ मध्ये लंडनमध्ये एक विकत घेतली होती. पुढे हँडेलने तिच्यासाठी सोनाटा लिहिले. पण फुंकर वाढवली की हिचा सूरच चढतो, जोर करायची सोय नाही. आडव्या बासरीला ते जमते, म्हणून १७५० च्या सुमारास रेकॉर्डर मागे पडला. हार्पसिकॉर्डमध्ये पिसाचे टोक तार छेडते; पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज जवळपास तेवढाच. पियानोपुढे त्याचाही टिकाव लागला नाही.

वाद्ये संग्रहालयात उरली, विद्या गेली. कारण कागदावर सगळे नसतेच. हार्पसिकॉर्डवादकाला हँडेल फक्त डाव्या हाताची ओळ देतो आणि मधूनमधून आकडे. ६ म्हणजे खालच्या सुरापासून सहावा. उजव्या हाताचे काम वादकाने तिथल्या तिथे रचायचे. (आम्हा प्रोग्रॅमरना हे ओळखीचे वाटावे!) पण तशी तालीम मिळालेली माणसेच संपली तर? वहीतली चीज गुरूशिवाय गाता येत नाही, तशीच ही अडचण.

तुटलेला हा धागा जोडायला आयुष्य वेचणाऱ्यांत आर्नोल्ड डोल्मेच अग्रणी. जन्म १८५८, फ्रान्समधला. घराणे वाद्ये बनवणाऱ्यांचे. जुनी वाद्ये दुरुस्त करता करता त्याने जुने ग्रंथ धुंडाळले आणि १९१५ मध्ये वादनपद्धतीवर स्वतःचे पुस्तक काढले. १९०५ मध्ये लिलावात घेतलेला त्याचा अठराव्या शतकातला रेकॉर्डर १९१९ मध्ये वॉटरलू स्टेशनवर पिशवीसकट राहून गेला. त्याच वर्षी त्याने स्वतः नवा घडवला! १९२५ पासून हॅसलमीर गावी महोत्सव सुरू झाला. मुलगा कार्ल आणि हार्पसिकॉर्डवादक जोसेफ सॅक्सबी यांची जोडी पुढे अनेक दशके गाजली. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिकचे स्वस्त रेकॉर्डर निघाले आणि शाळाशाळांत पोचले.

तरीही 'अस्सल' हा शब्द मी जपून वापरतो. आज अशा मैफलीत वाद्ये बहुधा ४१५ हर्ट्झला लावतात, म्हणजे प्रचलित ४४० पेक्षा अर्धा सूर खाली. हँडेलच्या काळी असा एक ठरीव आकडा नव्हताच. गावोगावची पट्टी वेगळी. ४१५ ही विसाव्या शतकातल्या वादकांनी आपसात ठरवलेली सोय आहे.