हसणारे कोण आणि हसू कोणावर? : अमेरिकन विनोदी मालिका आणि काळा माणूस

विनोदाला जात नसते, असे आपल्याकडील प्रस्थापित समीक्षा मोठ्या विश्वासाने सांगत आलेली आहे. ज्याच्यावर विनोद होतो त्याला मात्र विनोदाची जात पहिल्या वाक्यातच कळते. मी लहान असताना आमच्या वस्तीत टी.व्ही. नव्हता. गावातल्या एका मोठ्या घराच्या ओसरीवर संच असे आणि आम्ही पोरे अंगणात बसून तो पाहत असू. मालिकेतला गडी 'पाणी'ला 'पानी' म्हणाला की ओसरी खदखदून हसे. अंगणही हसे. घरी आल्यावर बाप आईला म्हणे, 'पानी दे', तेव्हा मला तेच हसू येई. त्या हसण्याची लाज वाटायला मला बी.ए. व्हावे लागले.

हे सांगण्याचे कारण असे की, विनोदी मालिकांचा प्रेक्षकांवर काय परिणाम होतो हा प्रश्न आपल्याकडे अजून गंभीरपणे विचारला गेलेला नाही. अमेरिकेत तो विचारला गेला, आणि तेथील काळ्या समाजाने तो सर्वांत आधी विचारला. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतील ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. आपण काळ्यांची कविता वाचली, त्यांची आत्मकथने वाचली. पण काळ्या माणसाच्या घरात रोज रात्री जे चालू होते, आणि गोऱ्या माणसाला घरबसल्या जो काळा माणूस दिसत होता, त्याचा इतिहास मात्र आपण वाचला नाही.

तो इतिहास रेडिओपासून सुरू होतो. १९२८ साली शिकागोत 'अमोस अँड अँडी' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यातील दोन काळी पात्रे फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे गृहस्थ रंगवीत असत. एकोणिसाव्या शतकात गोरे नट तोंडाला काजळी फासून काळ्यांची टवाळी करीत, त्याच परंपरेचे हे अपत्य. रेडिओवर काजळीही लागत नव्हती, नुसती बोली वाकडी केली की भागत होते. १९३१ साली 'पिट्सबर्ग कुरिअर' या काळ्यांच्या वृत्तपत्राने या कार्यक्रमाविरुद्ध सह्यांची मोहीम काढली. कार्यक्रम चालूच राहिला.

१९५१ साली तो सीबीएस या नेटवर्कने टी.व्ही.वर आणला. आता चेहरा दिसणार म्हणून नट काळे घेतले. एनएएसीपी या काळ्यांच्या जुन्या संघटनेने त्याच वर्षी आक्षेपांची यादीच प्रसिद्ध केली. यातला प्रत्येक काळा माणूस एक तर विदूषक आहे किंवा लबाड, वकील असला तरी भामटा आणि डॉक्टर असला तरी वैदू, असे त्या आक्षेपांचे सार होते. आणि काळ्यांचे दुसरे कोणतेच चित्र पडद्यावर नसल्यामुळे गोरा प्रेक्षक हेच खरे धरून चालणार. या शेवटच्या मुद्द्यात फार मोठे शहाणपण आहे. गोऱ्यांवरही विनोद होत होतेच. पण मूर्ख गोरा हा एक मूर्ख माणूस असतो, मूर्ख काळा मात्र सगळ्या काळ्यांचा नमुना ठरतो. १९५३ साली नवे भाग थांबले. जुने भाग गावोगावच्या केंद्रांवरून १९६६ पर्यंत दाखवले जातच होते. या सगळ्यात अमोसचे काम करणारे अल्विन चिल्ड्रेस यांना पुढे काम मिळणे दुरापास्त झाले, हेही नोंदवले पाहिजे. भूमिका लिहिणारे आणि पैसा लावणारे गोरे. प्रतिष्ठा गेली ती काळ्या समाजाची आणि भाकरी गेली ती काळ्या नटाची.

पुढली पंधरा वर्षे नेटवर्कांनी सोपा मार्ग धरला. विनोदी मालिकांतून काळा माणूस जवळजवळ काढूनच टाकला. नेटवर्क जाहिरातदाराला प्रेक्षक विकते, म्हणून कोणताही प्रेक्षक दुखावून चालत नाही, आणि 'कोणताही प्रेक्षक' म्हणजे साबण विकत घेणारा गोरा प्रेक्षक. याच काळात चार्ल्स डग्लस या ध्वनितंत्रज्ञाने हशाचे यंत्र बनवले. कळ दाबली की हशा. कोठे हसायचे हेही प्रेक्षकाच्या हाती उरले नाही. (आमच्या ओसरीला यंत्राची गरज नव्हती, हा भाग वेगळा.) १९६८ साली एनबीसीने 'ज्युलिया' आणली. नायिका काळी परिचारिका, नवरा व्हिएतनामच्या युद्धात मारला गेलेला, घर नीटनेटके. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला आणि शहरे पेटली. ज्युलियाच्या घरापर्यंत त्याचा धूर फारसा आला नाही.

१९७१ च्या जानेवारीत सीबीएसवर 'ऑल इन द फॅमिली' सुरू झाली आणि खरी कसोटी लागली. निर्माते नॉर्मन लिअर उदारमतवादी होते. बीबीसीच्या एका मालिकेवरून त्यांनी आर्ची बंकर हा गोरा, कामगार वर्गातला, काळ्यांना, ज्यूंना, बायकांना तोंडाला येईल ते बोलणारा बाप उभा केला. समोर पुरोगामी जावई माईक. पूर्वग्रह उघड्यावर आणला, त्याला हास्यास्पद केले, म्हणजे तो मरेल, ही लिअर यांची भूमिका. मालिका सलग पाच हंगाम पहिल्या क्रमांकावर राहिली. कादंबरीकार लॉरा हॉब्सन यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्समध्ये आक्षेप घेतला की, आर्चीच्या तोंडी खरे विषारी शब्द नाहीतच. सौम्य शब्द घालून तुम्ही द्वेषाला लाडका केला आहे.

१९७४ साली नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील शाळकरी मुले आणि कॅनडातील प्रौढ यांना प्रश्न विचारून एक अभ्यास प्रसिद्ध केला. मालिका सगळ्यांना आवडत होती. पण ज्यांच्या मनात वंशद्वेष अधिक, त्यांना आर्ची अधिक आवडत होता आणि वादात शेवटी तोच जिंकतो असे वाटत होते. अमेरिकन मुलांत तर मालिका नेमाने पाहणारे अधिक पूर्वग्रहाचे निघाले. १९७२ च्या निवडणुकीच्या सुमारास 'आर्ची बंकर फॉर प्रेसिडेंट' असे बिल्ले बाजारात खपत होते, ते उगाच नव्हे. लेखकाचा हेतू शुद्ध असून भागत नाही. उपरोध समजायला ज्या समतेची जाणीव लागते ती प्रेक्षकात आधीच असावी लागते. नसेल तर उपरोधाचा अनुमोदनाचा ठराव होतो. आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात एका नाटुकल्यात 'सवलतीवाला' विद्यार्थी दाखवला होता. मी आक्षेप घेतला तेव्हा लेखक मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, "सर, मी सवलतीला नावे ठेवणाऱ्यांची टर उडवली आहे." मी त्याला प्रेक्षागृहात हशा कोणत्या वाक्यांवर आला ते आठवायला सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही.

लिअर यांच्याच छत्राखाली १९७४ साली 'गुड टाइम्स' आली. तिचे कल्पक एरिक मॉन्टी आणि माईक इव्हान्स हे दोघेही काळे. मॉन्टी तर शिकागोच्या कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी चाळींतच वाढलेले. नेटवर्कच्या मनात एकट्या आईचे घर होते. एस्थर रोल या नटीने अट घातली की घरात बाप असलाच पाहिजे. अशा रीतीने जेम्स इव्हान्स हा बाप आला: मिळेल ते काम करणारा, कामावरून काढला गेला तरी मान न वाकवणारा. हे काम जॉन अमोस यांनी केले. माझ्या मते अमेरिकन टी.व्ही.वरचे ते एक थोर काम आहे. पण हशा मिळत होता थोरल्या जेजेला. डोळे वटारणे, हात फेकणे, एक ठरलेला पुकारा. दर आठवड्याला जेजे वाढत गेला आणि बाप आक्रसत गेला. रोल यांनी १९७५ साली 'एबनी' मासिकात उघड नाराजी व्यक्त केली. अमोस लेखकांशी भांडत राहिले. बहुतेक लेखक गोरे होते. १९७६ साली त्यांना काढले आणि जेम्सला अपघातात मारले. एका नटीने भांडून मिळवलेला बाप कारखान्याने तीन हंगामांत परत घेतला.

याच मालिकेवरून ब्लॅक पँथरचे तिघे आपल्या कचेरीत घुसले होते, असे लिअर यांनी नंतर सांगितले. काळा बाप तीन-तीन कामे करूनही कंगालच का, हा त्यांचा सवाल. त्यातून १९७५ ची 'द जेफर्सन्स' निघाली, धुलाईची दुकाने काढून श्रीमंत झालेल्या काळ्या माणसाची. पँथरांनी क्रांती मागितली आणि नेटवर्कने त्यांना मॅनहॅटनमध्ये सदनिका दिली.

येथे आपला तमाशा आठवतो. तमाशाचा सोंगाड्याही हसवतो, पण राजाला, प्रधानाला, पाटलाला तो आपल्या जिभेने उघडा पाडतो. तरीही आंबेडकरी जलशांनी हा बाज जसाच्या तसा घेतला नाही. भीमराव कर्डकांसारख्यांनी ढोलकी ठेवली आणि गण-गौळण बदलली. विनोद टाकला नाही, पण त्याचे तोंड फिरवले. हे करता आले याचे कारण साधे होते: फड आपला होता, लिहिणारे आपले होते आणि समोर बसलेलेही आपलेच होते. एस्थर रोलकडे यातले काहीच नव्हते.

१९८४ साली 'द कॉस्बी शो' आला. बाप डॉक्टर, आई वकील, भिंतीवर काळ्या चित्रकारांची चित्रे. हार्वर्डचे काळे मानसोपचारतज्ज्ञ अल्विन पूसॉ संहिता तपासत. 'अमोस अँड अँडी'वरच्या आक्षेपांना हे जणू तीस वर्षांनी दिलेले उत्तर होते. बिल कॉस्बी यांच्यावर पुढे अनेक स्त्रियांनी अत्याचाराचे आरोप केले. २०१८ मध्ये झालेली शिक्षा २०२१ मध्ये न्यायालयीन प्रक्रियेतील दोषावरून रद्द झाली. त्या बापाकडे आता कोणी निर्मळ डोळ्यांनी पाहू शकत नाही. पण माझा मुद्दा त्याआधीचा आहे. कॉस्बींच्याच पैशातून मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील सट झाली आणि जस्टिन लुईस यांनी प्रेक्षकांचे गट बसवून चर्चा घेतल्या आणि १९९२ साली पुस्तक प्रसिद्ध केले. काळ्या प्रेक्षकांना ही मालिका अभिमानाची वाटत होती. गोऱ्या प्रेक्षकांनाही हे कुटुंब मनापासून आवडत होते. मात्र त्यांतील अनेकांनी त्यातून निष्कर्ष काढला तो असा की, आता भेदभाव उरलेला नाही. जे मागे राहिले ते आपल्या दोषाने राहिले. मग त्यांना विशेष संधी कशाला?

हे वाक्य मी कोठे ऐकले आहे ते वाचकांना सांगायला नको. आमच्या प्राध्यापक-कक्षात चहाच्या वेळी एखाद्या दलित कलेक्टराचे नाव निघते, आणि ते कौतुकाने निघते. पुढचे वाक्य आरक्षणाचे असते.

'द कॉस्बी शो'चा शेवटचा भाग ३० एप्रिल १९९२ रोजी दाखवला गेला. आदल्याच दिवशी लॉस एंजेलिसमध्ये रॉडनी किंग या काळ्या माणसाला मारहाण करणारे गोरे पोलीस ज्यूरीने सोडून दिले होते आणि शहर पेटले होते. त्या दंगलीत पन्नासाहून अधिक माणसे मेली. महापौर टॉम ब्रॅडली, त्या शहराचे पहिले काळे महापौर, यांनी नागरिकांना आवाहन केले की घरातच थांबा आणि कॉस्बींचा शेवटचा भाग पाहा. एनबीसीच्या स्थानिक केंद्राने आगीची दृश्ये थांबवली आणि अर्ध्या-एक तासासाठी ते हसरे घर दाखवले. त्यानंतर पडद्यावर पुन्हा आग आली.