सिरीज ४०

फिनलंडच्या नोकिया कंपनीने मध्यम किमतीच्या मोबाइल फोनांसाठी तयार केलेली सॉफ्टवेअर प्रणाली. संक्षिप्त नाव एस-४०. या प्रणालीचे दीड अब्जाहून अधिक फोन विकल्याचे कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये जाहीर केले. एवढा प्रसार होऊनही मोबाइलच्या इतिहासात तिचा उल्लेख ओझरता येतो. गिऱ्हाईक दुकानात ‘६३००’ किंवा ‘५१३०’ मागे. आत कोणती प्रणाली आहे, हे विचारण्याचे त्याला कारण नव्हते.

नोकियाच्या उतरंडीत तिच्या खाली साध्या फोनांची सिरीज ३०, तर वर सिंबियन या प्रणालीवर उभी असलेली सिरीज ६० होती. सिरीज ६० मध्ये बाहेरच्या प्रोग्रामरला प्रणालीच्या बऱ्याच आत शिरता येई. सिरीज ४० चा गाभा मात्र बंद होता. बाहेरच्यांसाठी जावा या प्रोग्रामिंग भाषेची एक खिडकी तेवढी उघडी ठेवलेली होती. या प्रणालीचे सामर्थ्य आणि मर्यादा दोन्ही या रचनेत आहेत.

प्रारंभ : सुरुवात कोठून मोजावी याविषयी एकमत नाही. साधारणपणे १९९९ चा ७११० हा पहिला फोन मानतात. त्याचा पडदा ९६ × ६५ बिंदूंचा, एकरंगी होता आणि त्यात वॅप ब्राउझर होता. काही जण २००२ च्या ७२१० पासून आरंभ धरतात. १२८ × १२८ बिंदूंचा, ४,०९६ रंगांचा पडदा आणि जावा असलेल्या या फोनावर इतरांनी लिहिलेले प्रोग्राम चालू लागले. प्रोग्रामरच्या दृष्टीने हाच खरा आरंभ होय.

रचना : रेडिओ-जोडणी सांभाळणारे आणि पडद्यावरील कामे करणारे सॉफ्टवेअर बहुधा एकाच प्रोसेसरवर चाले. त्यामुळे भाग कमी लागत, किंमत आटोक्यात राही आणि बॅटरी टिके.

आवृत्त्या : पहिली, दुसरी, तिसरी, पाचवी, सहावी. चौथी आवृत्ती निघालीच नाही. पूर्व आशियात चार हा आकडा अशुभ मानतात म्हणून तो वगळला, असे सांगतात.

जावा : प्रोग्राम दोन फायलींत येई. जॅड फायलीत वर्णन आणि जार फायलीत प्रत्यक्ष प्रोग्राम असे. आरंभीच्या फोनांवर जार फायलीला ६४ किलोबाइटची मर्यादा होती. आजच्या फोनने काढलेल्या तीन मेगाबाइटच्या एका छायाचित्राच्या जागेत असे जवळजवळ पन्नास प्रोग्राम मावतील. चित्रे कापणे, एका चित्राच्या पट्टीत सगळ्या आकृत्या बसवणे, प्रोग्राममधील वर्गांची (क्लासची) संख्या कमी ठेवणे ही त्या काळच्या गेम लिहिणाऱ्यांची रोजची कसरत होती. एका वेळी जावाचा एकच प्रोग्राम चाले. प्रमाणपत्र विकत घेऊन सही न केलेला प्रोग्राम नेटवर्क वापरू लागला की फोन पुन्हापुन्हा परवानगी मागे. या कटकटीने अनेक चांगले प्रोग्राम लोकांनी टाकून दिले. पोलंडचे संशोधक अ‍ॅडम गोवडियाक यांनी २००८ मध्ये या फोनांच्या जावातील सुरक्षेच्या त्रुटी उघड केल्या.

या खिडकीतून आलेला सर्वांत महत्त्वाचा प्रोग्राम म्हणजे २००६ मध्ये जगभर उपलब्ध झालेला ऑपेरा मिनी. वेबपान आधी कंपनीच्या सर्व्हरवर आकसून मग फोनवर येई, त्यामुळे जीपीआरएसचे, म्हणजे मोबाइलवरील इंटरनेटचे, बिल कमी होई. त्याच्या लपलेल्या मांडणीत गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी चित्ररूप अक्षरे मागण्याची एक सोय होती. ती चालू केली की देवनागरी नसलेल्या फोनवरही चौकोनांऐवजी मराठी मजकूर दिसे.

देवनागरी : भारतात विकलेल्या अनेक फोनांत हिंदी-मराठी होती, पण एसएमएस पाठवणाऱ्याला ती महाग पडे. रोमन लिपीतील एका संदेशात १६० अक्षरे मावत, तर युनिकोडमध्ये ७०. त्यात काना, मात्रा आणि हलन्तही वेगवेगळे मोजले जात. नुसत्या ‘महाराष्ट्र’ या शब्दालाच दहा जागा लागत. मराठी माणूस रोमन लिपीत मराठी लिहू लागला त्याचे एक कारण हा हिशेब आहे.

लाइफ टूल्स : नोव्हेंबर २००८ मध्ये नोकियाने २३२३ आणि २३३० या स्वस्त फोनांबरोबर ही सेवा जाहीर केली. तिची प्राथमिक चाचणी महाराष्ट्रात झाली. रॉयटर्स मार्केट लाइट, महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळ आणि आयडिया सेल्युलर तिच्यात सहभागी होते. बाजारभाव, हवामान आणि शेतीसल्ला एसएमएसमार्गे येत, पण पडद्यावर चित्रखुणांसह मांडलेले दिसत. जीपीआरएसची गरज नसे. २००९ मध्ये ती व्यापारी स्वरूपात सुरू झाली. साध्या शेतीसेवेला महिन्याला ३० रुपये पडत. ६० रुपयांच्या सेवेत जवळच्या बाजारातील तीन पिकांचे भाव मिळत. भाव कळले म्हणून शेतकऱ्याला जास्त पैसे मिळाले का, हा प्रश्न वेगळा. रॉयटर्स मार्केट लाइटच्या एसएमएस सेवेवर मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन यांनी महाराष्ट्रातील शंभर गावांत अभ्यास केला. टोमॅटो, डाळिंब, कांदा, गहू आणि सोयाबीन ही त्यातील पिके होती. मिळालेल्या भावात लक्षणीय फरक पडल्याचे त्यांना आढळले नाही. प्रस्तुत प्रणालीच्या यशाची गणना करताना हा निष्कर्ष सहसा नोंदवला जात नाही.

स्पर्धक : क्वालकॉमची ब्रू, मोटोरोला व सोनी एरिक्सन यांच्या स्वतःच्या प्रणाली.

अखेर : २०११ मध्ये या प्रणालीचे फोन ‘आशा’ या नावाने आले. हिंदी शब्दावरून नाव घेतल्याचे कंपनीने सांगितले. मराठीला तो परका नव्हता. मे २०१३ मध्ये दिल्लीत जाहीर झालेला आशा ५०१ मात्र वेगळ्या प्रणालीवर चाले; त्याला सिरीज ४० म्हणणे चूक आहे. त्याच वर्षीचा ५१५ हा या मालिकेतील अखेरच्या फोनांपैकी होय. नोकियाचा फोन-व्यवसाय एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि जुलैमध्ये ही प्रणाली गुंडाळण्याचा निर्णय झाला. चेन्नईजवळील श्रीपेरुंबुदूरच्या नोकियाच्या कारखान्यातील उत्पादन नोव्हेंबर २०१४ पासून थांबले. व्हॉट्सअ‍ॅपने या फोनांवरील सेवा ३१ डिसेंबर २०१८ नंतर बंद केली.